उत्तर मराठीत दिलं तर चालेल का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर आत्ता वाचा, उभे असाल तर सेव्ह करून ठेवा.

गेल्या आठवड्यात आमच्या मुलुंड पूर्वेच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली. ‘मिस’ आणि ‘मिसेस’ अशा दोन गटांत सौंदर्यस्पर्धा, अंतिम फेरी उपनगरातल्या एका हॉटेलात, वय १८ ते ४५, खाली नोंदणी फीचा क्यूआर कोड. दहा मिनिटांत ग्रुपमध्ये दोन तट पडले. एकीकडे ‘हीच का आपली संस्कृती’वाले, दुसरीकडे ‘बायकांनी काय करायचं ते तुम्ही कोण ठरवणार’वाले. मध्येच एका काकांनी नेहमीचं शुभ सकाळचं फूल टाकलं. शेवटी अ‍ॅडमिनने मेसेज बंद केले.

मी तिथे काही लिहिलं नाही, कारण मला जे म्हणायचंय ते या दोन्ही तटांत बसत नाही. मला फीबद्दल बोलायचंय, इंग्रजीबद्दल बोलायचंय आणि फिलिपिनो लोकांबद्दल बोलायचंय. आता यात फिलिपिनो कुठून आले म्हणाल, तर ऐका.

मी सत्तावीस वर्षं जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर होतो. मर्चंट नेव्हीतल्यांना सांगायला नको, कुठल्याही देशाच्या जहाजावर चढा, फिलिपिनो भेटणारच. आमच्या कोकणातली पोरं आणि त्यांची पोरं यांच्यात मला कधी फार फरक वाटला नाही. भात आणि मासे दोघांनाही रोज लागतात, पगारातला मोठा हिस्सा दोघंही घरी पाठवतात, आणि इंग्रजी दोघांचंही कामापुरतं. पण त्यांची तीन वेडं आहेत. बास्केटबॉल, कराओके आणि मिस युनिव्हर्स. पहिली दोन मला लवकर समजली. तिसरं समजायला डिसेंबर २०१५ उजाडावा लागला.

सिंगापूरला नांगर टाकून उभे होतो. तिथे २१ तारखेची सकाळ, अमेरिकेत लास वेगासला २० तारखेची रात्र. मेसरूममध्ये टीव्हीसमोर बोसनपासून मेसमनपर्यंत सगळे चिकटलेले. सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वेने विजेती म्हणून कोलंबियाचं नाव घेतलं. मुकुट घातला गेला. आमचा चीफ कुक काही न बोलता उठला आणि गॅलीत जाऊन कांदा चिरायला लागला. दोन-तीन मिनिटांत हार्वे परत आला आणि म्हणाला, चूक झाली, विजेती फिलिपाइन्सची पिया वुर्त्सबाख आहे. मेसरूममध्ये जो आरडाओरडा झाला तो ऐकून ब्रिजवरून फोन आला, आग लागली का म्हणून. बोसन, ज्याला मी वादळातही कधी घाबरलेला पाहिला नव्हता, तो ढसाढसा रडत होता.

संध्याकाळी मी कुकला विचारलं, “अरे, एका मुलीच्या डोक्यावर मुकुट आला तर तुम्हाला एवढं काय होतं?” तो म्हणाला, “माझी बहीण हाँगकाँगला लोकांच्या घरी कामाला आहे. मी इथे तुमचा स्वयंपाक करतो. जगाला आमचे हात माहिती आहेत. आज जगाने आमचं तोंड बघितलं.”

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

त्यानंतरच्या ट्रिपांमध्ये मी या विषयावर बरंच विचारत राहिलो. तिथे हा प्रकार टीव्हीवरून सुरू होत नाही, गल्लीतून सुरू होतो. त्यांच्याकडे बारांगाय असतं, म्हणजे सरकारी कारभारातला सगळ्यांत लहान भाग, आपल्याकडचं छोटं गाव किंवा वॉर्डातली एखादी वस्ती समजा. प्रत्येक बारांगायची वर्षाची जत्रा असते, तिला ते फिएस्टा म्हणतात, आणि जत्रेत सौंदर्यस्पर्धा असते. मे महिन्यात सांताक्रुझान नावाची मिरवणूक निघते, त्यात गावातल्या मुली राण्या बनून फुलांच्या कमानीखाली चालतात. नाव ओळखीचं वाटलं ना? सांताक्रुझ म्हणजे पवित्र क्रूस. आपल्या पश्चिम रेल्वेच्या स्टेशनाचं नाव त्याच शब्दावरून आलंय, दोन्हीकडे कॅथलिक मिशनऱ्यांची कृपा. कित्येक ठिकाणी तर ‘राणी’ ठरते तिकिटं विकून. जिच्या बाजूने जास्त तिकिटं खपतात ती राणी, आणि जमलेले पैसे चर्चच्या छपराला किंवा शाळेच्या वर्गाला जातात. म्हणजे लहानपणापासून मुलगी स्टेजवर उभी राहायला शिकते आणि शेजारीपाजारी तिच्यासाठी खिशात हात घालायला शिकतात.

मनिलात १९०८ पासून कार्निव्हलची राणी निवडली जायची. राष्ट्रीय पातळीवरची ‘बिनिबिनिंग पिलिपिनास’ १९६४ साली सुरू झाली. तिथून निघालेली ग्लोरिया डियाझ १९६९ साली मिस युनिव्हर्स झाली, माणूस चंद्रावर उतरला त्याच आठवड्यात. तिला प्रश्नही तोच होता, चंद्रावरचा माणूस तुझ्या गावात आला तर त्याचं मन कसं रमवशील? ती हसून म्हणाली, मी रोज जे करते तेच करीन, इतके दिवस चंद्रावर राहिलेल्याला तेवढाच बदल. १९७३ मध्ये मार्गी मोरान जिंकली. मग २०१५ पर्यंत बेचाळीस वर्षं मिस युनिव्हर्सचा मुकुट नाही.

या बेचाळीस वर्षांचा शेवट कसा झाला, ते महत्त्वाचं आहे. मनिलात मुलींना तयार करणाऱ्या तालमी आहेत, त्यांना ते ‘कॅम्प’ म्हणतात. ‘कागांदाहांग फ्लोरेस’ आणि ‘एसेस अँड क्वीन्स’ ही त्यांतली दोन मोठी नावं. इथे चालायला शिकवणारे, मेकअप करणारे, केस करणारे, प्रश्नोत्तरांचा सराव घेणारे असतात, त्यांत गे मंडळी खूप, आणि बरेच जण मुलीकडून पैसे न घेता राबतात. आपल्याकडे कबड्डीच्या मंडळात जुने खेळाडू संध्याकाळी येऊन पोरांना शिकवतात ना, तसंच. आता निकाल बघा. २०१० ला व्हीनस राज, पाचवा क्रमांक. २०११ ला शॅम्सी सुपसुप, चौथा. २०१२ ला जनीन टुगोनॉन, दुसरा. २०१३ ला एरिएला अरिडा, चौथा. २०१४ ला पहिल्या दहात. २०१५ ला मुकुट. २०१८ ला कॅट्रिओना ग्रेमुळे पुन्हा मुकुट. याला नशीब म्हणता येणार नाही. ही तालीम आहे.

आता आपला हिशोब मांडू. भारताकडे मिस वर्ल्डचे ६ मुकुट आहेत (१९६६, १९९४, १९९७, १९९९, २०००, २०१७) आणि मिस युनिव्हर्सचे ३ (१९९४, २०००, २०२१). फिलिपाइन्सकडे मिस युनिव्हर्सचे ४, मिस वर्ल्डचा १, मिस इंटरनॅशनलचे ६, मिस अर्थचे ४. त्यांची लोकसंख्या ११ कोटींच्या आसपास, आपली १४० कोटींवर. तरी आपला आकडाही काही कमी नाही, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९६६ ची रीता फारिया माटुंग्याची, गोव्याच्या घरातली, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. उसनी साडी आणि उसना स्विमसूट घेऊन लंडनला गेली आणि मिस वर्ल्ड होणारी पहिली आशियाई बाई ठरली. नंतर सगळा झगमगाट सोडून डॉक्टरच झाली. १९९९ ची युक्ता मुखी तर आमच्या मुलुंडच्या वझे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत मिस इंडियाची उपविजेती ठरलेली मान्या सिंग कांदिवलीच्या ठाकूर कॉलेजची, वडील रिक्षा चालवायचे. सत्काराला ती वडिलांच्याच रिक्षातून आली, डोक्यावर मुकुट, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. भांडी घासून, रात्री कॉल सेंटरमध्ये काम करून शिकल्याचं तिने स्वतः सांगितलं.

तो फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला. स्टेटसला ठेवला. पण ती भांडी घासत होती तेव्हा उपनगरातलं कुठलं मंडळ, कुठली संस्था, कुठली तालीम तिच्या मागे उभी होती? आपली पद्धत अशी, की मुलगी एकटीने वर चढते आणि वर पोहोचली की आपण म्हणतो, ‘आपल्या कांदिवलीची हो!’ फिलिपिनो लोक आधी खांदा देतात, मग मिरवतात. आपण मिरवणुकीलाच हजर होतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वर चढताना आपल्या मुली नेमक्या अडतात कुठे? उंची, पैसा, रंग हे सगळं आहेच, त्यावर पुढे बोलतो. पण मराठी माध्यमातल्या मुलीचा पाय सगळ्यांत आधी अडकतो तो माइक हातात आल्यावर.

चाळिशीपुढच्या सगळ्यांना मधु सप्रे आठवत असेल. मराठी घरातली, मैदानावर घडलेली खेळाडू. १९९२ साली बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत पोहोचली. प्रश्न आला, तू तुझ्या देशाची प्रमुख झालीस तर सर्वांत आधी काय करशील? तिचं उत्तर साधारण असं होतं, की गरिबी काही एका रात्रीत हटणार नाही, पण मी खेळासाठी चांगलं मैदान बांधीन. ती तिसरी आली. नामिबियाची मिशेल मॅक्लीन जिंकली. त्यानंतर कित्येक वर्षं आपल्याकडे हे उत्तर मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितलं गेलं. ग्रूमिंगच्या क्लासात ‘असं बोलायचं नाही’ म्हणून शिकवलं गेलं. इंग्रजीत ती सराईत नव्हती, आणि ते तिने लपवलंही नाही.

आज तीस वर्षांहून जास्त काळ उलटल्यावर त्या उत्तराकडे परत बघा. बोरिवलीत, मुलुंडात, घाटकोपरात राहणाऱ्या कुठल्याही आईबापाला विचारा, तुमच्या मुलीला धावायला मैदान कुठे आहे? पार्किंग झालंय, लग्नाचा हॉल झालाय, टॉवरचं ‘पोडियम गार्डन’ झालंय. एका खेळाडू मुलीने आपल्याला जे खरोखर माहिती होतं ते सांगितलं. तेच जर तिने मराठीत, मोकळेपणाने, दोन वाक्यं जास्त घेऊन सांगितलं असतं, मैदान नसलं की मुलींचं खेळणं आधी बंद होतं वगैरे, तर निकाल काय लागला असता हे कोणी सांगू शकत नाही. पण उत्तराची टिंगल तरी झाली नसती.

आणि गंमत म्हणजे जागतिक स्पर्धेत आपल्या भाषेत बोलायला बंदी नाही. मिस युनिव्हर्समध्ये लॅटिन अमेरिकेच्या मुली बिनदिक्कत स्पॅनिशमध्ये उत्तर देतात. बाजूला दुभाषी उभा असतो, तो इंग्रजी करून सांगतो, आणि मुली अशाने जिंकतातही. लाज फक्त आपल्याला वाटते.

म्हणजे आपल्याला आणि फिलिपिनोंना. अमेरिकेची जवळपास पन्नास वर्षांची राजवट त्यांनी सोसली, इंग्रजी त्यांच्याकडेही साहेबाचीच भाषा. २००८ साली जनिना सान मिगेल नावाची सतरा वर्षांची मुलगी बिनिबिनिंग पिलिपिनासच्या स्टेजवर इंग्रजीत अडखळली, अर्धं वाक्य, हसू, पुन्हा अर्धं वाक्य. परीक्षकांनी तिला मुकुट दिला आणि इंटरनेटवर लोकांनी तिची यथेच्छ थट्टा केली. पण त्यानंतर तिथे वाद पेटला, की पोरीला तिच्या टागालोगमध्ये का बोलू देत नाही? २०१० ला व्हीनस राजला विचारलं गेलं, तुझी सर्वांत मोठी चूक कोणती? ती म्हणाली, ‘मेजर मेजर’ अशी काही चूक झालेली नाही. पाचवी आली. (या व्हीनसचे वडील भारतीय, बरं का. आईने तिला गावात, शेतावर राबून वाढवलं.) ‘मेजर मेजर’वर आधी देश हसला, मग तोच शब्द लाडाने वापरायला लागला, आणि ती परतल्यावर तिची मिरवणूक निघाली. २०१७ च्या जानेवारीत स्पर्धा मनिलातच होती. मॅक्सिन मेदिनासाठी दुभाषी तयार उभा होता, तरी ती इंग्रजीतच बोलली आणि पहिल्या सहातून पुढे गेली नाही. त्यावरही महिनाभर चर्चा, की बाई, आपल्याच घरात तरी आपल्या भाषेत बोलायचं होतंस.

त्याच मनिलात १९९४ साली आपली सुष्मिता सेन जिंकली होती. आपण हिंदी माध्यमात शिकलो, शेवटच्या प्रश्नातला इंग्रजी शब्द आपल्याला कसा कळला देव जाणे, असं तिने पुढे सांगितलंय. त्याच रात्रीची फिलिपाइन्सची शार्लीन गोन्झालेस मात्र मला जास्त आवडते. सूत्रसंचालकाने विचारलं, तुमच्या देशात बेटं किती? तिने उलटा प्रश्न केला, भरतीला की ओहोटीला? घोकून आलेलं उत्तर नव्हतं ते. समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाचं उत्तर होतं. आपल्या कोळीवाड्यातली मुलगीही असंच बोलेल, तिच्या भाषेत बोलू दिलं तर.

आता हे सगळं मी आत्ता का लिहितोय ते सांगतो.

माझी भाची घाटकोपरला भटवाडीत राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.एस्सी., आता अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. रोज मेट्रोने ये-जा. उंची पाच फूट आठ इंच, रंग सावळा, आवाज खणखणीत. गेल्या वर्षी तिने अशाच एका स्पर्धेत नाव घातलं. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण असे पन्नास आहेत. नोंदणी २,००० रुपये. ऑडिशनला अंधेरीच्या हॉटेलात गेली. तिथे प्रश्न आला, तुझ्या शहरातली एकच गोष्ट बदलायची असेल तर काय बदलशील? तिने विचारलं, “उत्तर मराठीत दिलं तर चालेल का?”

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, “आपण इंटरनॅशनल प्लॅटफॉर्मची तयारी करतोय ना?” मग तिने प्रदूषण आणि शांततेवर दोन इंग्रजी वाक्यं म्हटली आणि खाली उतरली.

तरीही ती निवडली गेली. कशी, तर त्या दिवशी आलेल्या जवळजवळ सगळ्याच निवडल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फोन आला, पुढच्या फेरीसाठी ग्रूमिंग, पोर्टफोलिओ आणि ड्रेस मिळून ६०,००० रुपये, आठवड्यात भरा. ताई एफडी मोडायला निघाली होती. भाचीनेच थांबवलं. “आई, मला काय येतं ते त्यांनी ऐकलंच नाही. मग साठ हजार कशाचे?”

त्या रविवारी ती आमच्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, मला सांग, मराठीत काय सांगणार होतीस? ती म्हणाली, “मामा, मी लॅबमध्ये रोज बायकांचे युरिनचे रिपोर्ट बघते. इन्फेक्शन, इन्फेक्शन, इन्फेक्शन. त्यांना विचारलं तर म्हणतात, कामावर असताना पाणी पीत नाही, वाटेत जायला जागा नाही. मला एकच गोष्ट बदलायची तर प्रत्येक स्टेशनबाहेर बायकांसाठी शौचालय. स्वच्छ, फुकट, आत दिवा आणि नळाला पाणी. मग बायका पाणी पितील.”

वेळ लावला असता तर तीस सेकंदही झाले नसते. मुंबईत ‘राइट टू पी’ची मोहीम २०११ पासून चालू आहे, कार्यकर्त्या महापालिकेच्या पायऱ्या झिजवतायत, आणि इथे लॅबमधली एक मुलगी तोच मुद्दा पुराव्यासकट मांडत होती. कुठलाही मुकुट देणाऱ्याला याहून चांगलं उत्तर काय हवंय? २०१८ ला कॅट्रिओना ग्रे जिंकली ती मनिलाच्या तोंडो झोपडपट्टीतल्या मुलांबद्दल बोलून. तिच्या गाऊनइतकंच ते उत्तरही लोकांच्या लक्षात राहिलंय.

आता पहिल्या तटाच्या मित्रांसाठी. तुम्ही म्हणाल, हा सगळा बाजार आहे, बाईला वस्तू बनवतात. बाजार आहेच. १९९१ नंतर आपली बाजारपेठ उघडली आणि १९९४ ते २००० या सात वर्षांत आपल्याला ६ मुकुट मिळाले, त्यात सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांना किती रस होता हे सगळ्यांना दिसत होतं. १९९६ ला मिस वर्ल्ड बंगळूरला झाली तेव्हा विरोध इतका पेटला की स्विमसूटची फेरी सेशेल्सला न्यावी लागली. रंगाचा प्रश्नही खरा आहे. फिलिपाइन्समध्येही तोच वाद आहे. पियाचे वडील जर्मन, कॅट्रिओनाचे ऑस्ट्रेलियन, मिस वर्ल्ड मेगन यंगचे अमेरिकन. गोऱ्या बापाची मुलगीच आमचं तोंड का, असं तिथल्या बायका उघड विचारतात. मला विचाराल तर एका मुलीला दुसरीपेक्षा सुंदर ठरवायचा अधिकार कोणालाच नाही.

पण तुमच्या-माझ्या विरोधाने या स्पर्धा बंद झाल्या का? ९ मार्च २०२४ ला मिस वर्ल्डची अंतिम फेरी आपल्या बीकेसीत झाली. उपनगरांत दर महिन्याला कुठे ना कुठे ‘क्वीन’ निवडली जाते. मुली जातायत, आणि जातच राहणार. आपण नाक मुरडून बाजूला झालो की त्यांच्याजवळ उरतो तो फक्त क्यूआर कोडवाला.

आणि दुसऱ्या तटाच्या मित्रांसाठी. ‘तिची मर्जी’ म्हणून विषय संपत नाही. मर्जी तिची, पण ६०,००० ताईचे. आणि हसणारे आपण.

म्हणून मला जे सुचतंय ते लिहितो. पटलं तर घ्या.

एक. आपल्या उपनगरांत गणेशोत्सव आणि नवरात्रीची मंडळं ढिगाने आहेत. स्टेज आहे, माइक आहे, ‘खेळ पैठणीचा’ होतोच. त्यातच एक संध्याकाळ फक्त प्रश्नोत्तरांची ठेवा. वय, उंची, रंग, कपडे कशाचीही अट नको, फी नको. प्रश्न आपल्या वस्तीचे, उत्तराला तीस सेकंद, भाषा मुलीची. मराठी, गुजराती, भोजपुरी, तमिळ, काहीही. बारांगायच्या जत्रेत ते हेच करतात. पाच-सात वर्षांत स्टेजला न घाबरणाऱ्या मुलींची एक फळी तयार होईल. त्यातली एखादी मिस इंडियाला जाईल, दहा जणी नगरसेविका होतील, बाकीच्या नोकरीच्या मुलाखतीत तरी मान खाली घालणार नाहीत.

दोन. स्पर्धा घेणाऱ्यांनी जाहिरातीतच लिहावं, ‘उत्तर कोणत्याही भारतीय भाषेत चालेल’. दुभाष्याला फार खर्च येत नाही. कॉलेजची एखादी चुणचुणीत मुलगीही ते काम करील. इंग्रजी जरूर शिकावी, मी स्वतः जहाजावर शिकलो. पण ती न येणं आणि डोकं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन. ज्यांच्या हातात कला आहे, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या ताई, नाटकात काम केलेले, निवृत्त शिक्षक, त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. फिलिपिनो कॅम्प अशाच लोकांच्या जिवावर उभे राहिले. मुलुंडमध्ये जागेची सोय मी बघतो.

चार, आणि हे आईबापांसाठी. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. ही स्पर्धा जिंकल्यावर मुलगी पुढे कोणत्या राष्ट्रीय स्पर्धेला जाते? किती जणी निवडल्या? एकूण खर्च किती, सगळ्या फेऱ्या धरून? माघार घेतली तर पैसे परत मिळतात का? उत्तर गोलमोल आलं, किंवा ‘आज भरलं तरच जागा’ म्हणाले, तर एफडीला हात लावू नका. फोटो शेजारचा पोरगाही मोबाइलवर चांगले काढतो.

ज्यांना मंडळात हा विषय मांडायचाय त्यांनी पोस्ट खुशाल शेअर करा, कॉपी-पेस्टही करा, नाव टाकलं नाही तरी चालेल. आणि कमेंटमध्ये एकमेकांशी भांडण्यापेक्षा एक करा. घरातल्या मुलीला, सुनेला, बायकोला, आईला आज रात्री जेवताना तोच प्रश्न विचारा, तुझ्या शहरातली एकच गोष्ट बदलायची तर काय बदलशील? मध्ये बोलू नका, तीस सेकंद ऐका. जे ऐकाल ते त्यांच्याच शब्दांत इथे लिहा. शंभर उत्तरं जमली तर मी ती छापून आपल्या वॉर्ड ऑफिसात नेऊन देतो.